मागच्या बाकावरचा दहावा माणूस

सत्तर पानांचं नाटक त्यांना चार दिवसांत तोंडपाठ व्हायचं, असं त्यांच्याबरोबर काम केलेले सगळे सांगतात. आमच्या प्रार्थनेतली एक ओळ मात्र त्यांनी आठ वर्षांत पाठ केली नाही. दर वर्षी तीच निळ्या पुठ्ठ्याची वही, तेच बोट ओळीखाली, आणि पहिलीतलं मूल वाचतं तसं अक्षराला अक्षर जोडत वाचणं. हिब्रू लिपी त्यांना येत नव्हती. त्यांच्या आईनं त्या वहीत सगळ्या हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काकांच्या आवाजात रेकॉर्ड करून देते. गाडीत ऐकत राहा, महिनाभरात पाठ होईल. दर वर्षी कशाला हा त्रास?"

ते म्हणाले, "ताई, पाठ झालं की मी ते करायला लागतो. इथं करायचं नाही. म्हणायचं आहे."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी ग्रामीण रुग्णालयात औषधांचं भांडार सांभाळते. सोपा रस्ता समोर असताना अवघड धरणाऱ्या माणसांचा मला थोडा रागच येतो.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. माइकशिवाय थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, सिनेमातला खलनायक, आणि उतारवयात रोज रात्री साडेआठला सुनेला छळणारा सासरा, एवढं पुरे. ते गेले तेव्हा पेपरांनी त्यांच्या भूमिकांच्या लांबलचक याद्या छापल्या. त्यांनी घेतलेलं नाव पडद्यासाठीचं होतं आणि ते जन्मानं ज्यू होते, हे एकाही पेपरात नव्हतं. वर्षातला एक दिवस ते जुन्नरच्या एका गल्लीतल्या कौलारू घरात मागच्या बाकावर बसायचे, हे तर कुणाला माहीतच नव्हतं.

ते घर म्हणजे आमचं प्रार्थनागृह. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. जुन्नरात आमची एके काळी चौदा घरं होती, आता दोन. एक माझं, एक काकांचं. काका म्हणजे माझे चुलते, आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. एक खोली पुरुषांची, तिला लागून अर्ध्या भिंतीपलीकडे बायकांची, लाकडी कपाटात सेफर तोरा, म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेला आमचा धर्मग्रंथ, आणि छताला टांगलेले तेलाचे काचदिवे. एवढाच कारभार.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस किप्पूरचा. आमच्या आज्या त्याला दारफाळणीचा सण म्हणायच्या. संध्याकाळी दार लावून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पायात चामडं नाही. पांढरे कपडे घालायचे आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. या दिवशीची प्रार्थना नीट व्हायची तर दहा पुरुष लागतात. नऊ असले तर कपाटातून सेफर काढता येत नाही. आणि काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ज्या वर्षी किप्पूरला दहा होणार नाहीत, त्या वर्षी सेफर ठाण्याच्या नातेवाइकांकडे पाठवायचा. रिकाम्या घरात त्याला ठेवायचा नाही." म्हणजे घर बंद. पणजोबांपासून चालत आलेलं घर.

त्यामुळे दहा जण गोळा करणं हे माझं काम. पुण्याचे चार, नारायणगावचे दोन, मंचरचे माझे दाजी, असे जोडत जायचं. आमच्यात माणसं मोजायची नसतात, अपशकुन समजतात. म्हणून मी टेबलावर दहा पुस्तकं मांडते. येणारा एकेक उचलतो. टेबलावर पुस्तक उरलं की समजायचं, एक कमी.

ते पहिल्यांदा आले त्या वर्षी एक पुस्तक उरलं होतं, आणि ती चूक माझी होती. आमचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. दर वर्षी मी निरोपात स्पष्ट लिहिते, "आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत." त्या वर्षी रुग्णालयात तपासणी चालू होती. घाईत मी नुसती कॅलेंडरवरची तारीख पाठवली. बाकीच्यांनी समजून घेतलं. दाजी त्या तारखेच्या संध्याकाळी यायचं ठरवून निवांत मंचरला बसले, आणि फोन बंद करून दुकानातला माल लावत राहिले. ऊन कौलांवरून उतरत होतं. काकांनी सेफरच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून हातात धरली होती. मला त्या किल्लीकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत कापडी पिशवी. मी बघताक्षणी ओळखलं. 

ते काकांना म्हणाले, "जुन्नरला किप्पूरला एक कमी पडतो, असं आई म्हणायची. अजून पडतो का?"

काकांनी टीव्ही कधी पाहिला नाही. त्यांनी विचारलं, "आईचं माहेर?"

"याच गल्लीतलं. आजोबा दवाखान्यात कंपाउंडर होते."

काकांनी त्यांचं आईनं ठेवलेलं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. काका म्हणाले, "बसा. पुस्तक घ्या."

त्यांनी ते दहावं पुस्तक उचललं, मागच्या बाकावर चपलांच्या फळीजवळ जाऊन बसले आणि पिशवीतून वही काढली. दुसऱ्या संध्याकाळी उपवास सोडून आम्ही मनुकांचं सरबत पीत होतो, तेव्हा दाजी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, भरपूर जेवून, उपवासाच्या तयारीनं हजर झाले.

"काय हो, मला सोडून देवानं माफी वाटून टाकली?" ते म्हणाले.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तुमची माझ्याकडे ठेवलीय. मंचरला पोचवणार होतो." दाजींनी मागे वळून बघितलं आणि त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला.

पुढच्या वर्षीपासून ते दोन दिवस आधीच यायचे. ड्रायव्हर त्यांना स्टँडपाशी सोडायचा आणि त्याला घरी धाडून ते गल्लीपर्यंत चालत यायचे. दारामागे मी कामांची यादी चिकटवते. त्यांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

"माझं नाव कुठंय?"

"पाहुण्यांना काम नसतं."

"मग पुढच्या वर्षी येत नाही."

मी पेन काढून लिहिलं, "दिव्यांच्या काचा." त्यांनी अंगणात पाटावर बसून अठरा काचा राख आणि लिंबानं घासल्या. एक फुटली. ते उठून माझ्याकडे आले आणि तपासनिसासमोर उभं राहावं तसे म्हणाले, "एक गेली. नोंद करा." पुढे दर वर्षी ते काम त्यांचंच राहिलं.

मानाचं काम मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. सेफर उचलायला, कपाट उघडायला काका दर वर्षी त्यांना बोलावत, आणि ते दर वर्षी हात जोडून मान हलवत. पुढच्या बाकावर एकदाही बसले नाहीत. त्यांचा प्रार्थनेचा आवाज शेजारच्यालाही धड ऐकू जायचा नाही, बारीक आणि बेसूर. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा लहान आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा.

किप्पूरच्या आदल्या सकाळी माणसांची माफी मागून घ्यायची, अशी आमची रीत. देव त्याच्या विरुद्धच्या चुका माफ करतो, माणसांच्या चुका माणसांनीच माफ करायच्या असतात. आम्ही एकमेकांना म्हणतो आणि मोकळे होतो. ते मात्र गल्लीत निघायचे. वह्यांच्या दुकानवाल्या कागदी चाचांना, पिठाच्या गिरणीवाल्याला, सगळ्यांना. गल्लीनं त्यांना पहिल्या वर्षीच ओळखलं होतं आणि बाहेर एका शब्दानं सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर पारूबाई भाजी विकते. तिनं एका वर्षी त्यांना गाठलंच.

"काय रं म्हाताऱ्या, परवा सुनंला पावसात घराभाईर काढलंस? लाज न्हाई वाटली?"

त्यांनी टोपी काढली. "चुकलं, बाई. माफ करा."

"मला काय म्हनतोस? तिला म्हन की! लेकरू कसं रडत व्हतं."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तिथंच मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी फोन लावला. सुनेचं काम करणारी ती मुलगी तेवीस वर्षांची होती, हे नंतर कळलं. मला एका बाजूचंच बोलणं ऐकू आलं.

"नाही गं, सीनसाठी नाही. मंगळवारी सेटवर सगळ्यांसमोर जे बोललो त्यासाठी... नाही, मी मोठा आहे म्हणून तर... माफ केलंस का तेवढं सांग... आज सांग. उद्या उशीर होतो."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. फोन खिशात ठेवून त्यांनी पारूबाईला नमस्कार केला. पारूबाई गोंधळून म्हणाली, "आवो, मी आपलं मालिकंचं म्हनत व्हते!"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण बरोबर म्हणालात."

आता मला सांगायचं आहे ते सातव्या वर्षाचं. त्या वर्षापर्यंत पुण्याची दोन कुटुंबं इस्राएलला निघून गेली होती, नारायणगावचे एक वारले होते. पुस्तकं बरोबर दहा उचलली गेली, अकरावा माणूस मिळण्याची शक्यता नव्हती. काकांनी शहाऐंशी पूर्ण केली होती, आणि या वेळी जमलं नाही तर सेफर न्यायला यावं लागेल, असं ठाण्याला कळवून ठेवलं होतं. त्यात दोन दिवस आधी स्टँडवर कुणीतरी आमच्या मागच्या बाकावरच्या पाहुण्याचा चालतानाचा व्हिडिओ काढून सगळीकडे पसरवला होता.

संध्याकाळी दार लागलं की बाहेरून कडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, वाजल्यावर ती काढायची, हे काम कागदी चाचांच्या घराण्याकडे. पूर्वी त्यांच्याकडे हातकागद बनायचा, आता वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ते दारापुढे स्टूल टाकून बसतात. त्या वर्षी किप्पूरच्या दिवशी दुपारी तीनला गल्लीत वीस-पंचवीस लोक होते. पाचला ओतूर, नारायणगाव, घोडेगावकडून जीप भरून आले, आणि एक भावी नगरसेवक शाल, नारळ आणि भलामोठा हार घेऊन पोचला. मी बायकांच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीखाली बसले होते. काच धुरकट, पण वरची झडप उघडी. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"साहेब! दोन मिन्टं! नुस्तं दर्शन द्या!"

"चाचा, कडी काढा ना राव. लांबनं आलोय."

"लांबून आलात तर बसा. पाणी देऊ?"

"आत हायेत का न्हाईत, तेवढं तरी सांगा."

"आत लोक देवापुढं बसलेत. कोन कोन, ते मी इचारत नाही."

"दार वाजवा रं! त्यांना कळू द्या!"

आणि दार वाजायला लागलं. एकानं सुरू केलं की दहा जण मारतात. कौलांमधून माती पडत होती. आत शेवटच्या प्रार्थनेची, नेइलाची वेळ झाली होती. ही प्रार्थना झाली की दिवस पूर्ण. ती सुरू करायला दहा हवेत आणि ती सूर्य बुडता बुडता सुरू व्हायला हवी. काका उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ सुकून चिकटले होते. ते बाकावर खाली बसले आणि म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही."

दाजी मागच्या बाकाकडे गेले. "तुम्ही दोन मिनिटं बाहेर जाऊन या. एक शब्द बोललात तरी ती गर्दी ऐकेल. आपण मग शांतपणे सुरू करू."

मलाही तेच पटलं. मी अर्ध्या भिंतीवरून मान काढून म्हटलं, "खरंच जाऊन या. मागच्या दारानं. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, बाहेर गेलो तर परत आत कोण येईल, ते मला माहीत आहे. तो तुमच्या उपयोगाचा नाही."

काकांनी बोटानं त्यांना जवळ बोलावलं. "तू म्हण."

"काका, मी नाही. दाजी आहेत, बाकीचे—"

"हे सगळे ओळी गाळतात," काका म्हणाले. "मी इतकी वर्षं ऐकतोय. ओळ न गाळणारा तू एकटा आहेस."

"मी लोकांपुढं उभा राहिलो की सुरू होतो, काका. मला थांबता येत नाही."

"मग सुरू नको होऊस. वाच."

दार धडधडत होतं. ते पुढे गेले. आठ वर्षांत मी त्यांना पुढे उभं राहिलेलं तेवढं एकदाच पाहिलं. खोलीकडे पाठ, कपाटाकडे तोंड. त्यांनी वही उघडली. मला त्यांचा खांदा तेवढा दिसत होता. मला वाटलं, आता तो आवाज येणार. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला आवाज. त्या क्षणी तो आला असता तर आम्ही सगळे भारावून गेलो असतो, हेही खरं. आणि बाहेरच्यांनी दार मोडलं असतं.

त्यांनी बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागले. बारीक, बेसूर, अक्षराला अक्षर जोडत. एका शब्दावर अडले, मागे गेले, पुन्हा म्हटला. पण पुढे उभे होते, दहा जणांसाठी म्हणत होते, म्हणून या वेळी ऐकू येईल इतपत मोठ्यानं. जिथं उत्तर द्यायचं तिथं बाकीच्या नऊ जणांनी उत्तर दिलं. काकांचे ओठ हलत होते.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "ए गप रं! आतनं आवाज येतोय."

दार वाजायचं थांबलं. सगळी गल्ली कान देऊन ऐकत होती. मी झडपेकडे कान लावला.

"ह्यो त्यो न्हाई."

"कशावरनं?"

"आरं, त्याचा आवाज कसाय! ह्यो तर शाळंतलं पोरगं धडा वाचतंय जनू. बघ, पुन्यांदा अडाकलं."

"मग त्या व्हिडिओमधला?"

"आसंल कुनी तसं दिसनारं. चल, जीपवाला थांबायचा न्हाई."

"कुनी उठवली रं ही बातमी?" हा भावी नगरसेवक. "हार लई म्हाग पडला मला!"

"गनपतीला घाला ओझरला. वाटंवरच हाय."

हशा झाला. मग पायांचे आवाज, जीप चालू झाल्याचे आवाज, आणि हळूहळू काहीच नाही. आत ते वाचतच होते. त्यांना बाहेरचं काही ऐकू आलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी एक ओळ गाळली नाही. नेइला संपायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागला. शेवटच्या शब्दाला झडपेतून दिसणारा आकाशाचा तुकडा काळा झाला होता. दाजींनी शोफार वाजवला.

काका दाजींना म्हणाले, "ठाण्याला फोन कर. सांग, सेफर न्यायला येऊ नका."

चाचांनी कडी काढली. बाहेर रिकामी गल्ली, रस्त्यावर दोन-तीन सुटलेल्या चपला आणि चुरगळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. ते दारापाशी आले. चाचा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

"गेले सगळे," चाचा म्हणाले. "म्हनत होते, आत कुनीच नाही."

"काय म्हणाले?"

"आत कुनीच नाही. फुकट आलो."

टाळ्या पडताना ते कसे उभे राहतात, ते मी टीव्हीवर खूपदा पाहिलं आहे. हात जोडलेले, मान किंचित कललेली. आता तसलं काही नव्हतं. ते उंबऱ्यावरच खाली बसले, चाचांच्या हातातून तांब्या घेतला आणि सावकाश, एका दमात नाही, थांबत थांबत, सगळं पाणी प्यायले.